लसीचा इतिहास नेमका कोणत्या विभागाचा?

संपादक महोदय,
सा. न. वि. वि.

माझी नात इतिहासात एम. ए. करते. प्रबंधासाठी तिने बेळगावातील टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोचा विषय मांडला, तर मार्गदर्शक म्हणाले, "हे डॉक्टर लोकांचं काम. तू एखादं घराणं घे." मग ती एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेली. तिथे उत्तर मिळाले, "हे इतिहासवाल्यांचं." शेवटी पोरीने एका देसाई घराण्यावर लिहायला घेतले. देसायांवर माझा राग नाही, पण त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

व्हॅक्सिन डेपोत आज आपण सकाळी फिरायला जातो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे देवीची लस तयार होऊ लागली. वासराच्या अंगावरचे केस काढून कातडीवर ओरखडे काढायचे, त्यात लस चोळायची आणि काही दिवसांनी आलेले फोड खरवडून तो लगदा ग्लिसरीनमध्ये घोटायचा. त्याआधी लस एकाच्या दंडातून दुसऱ्याच्या दंडात जात असे. व्हिएन्ना, बगदाद, बसरा अशा टप्प्यांनी ती मुंबईला आली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. तिच्याच फोडातून ती पुढे देशभर गेली. हे सारे वैद्यकच. पण वासरे कुणाकडून यायची, उन्हाळ्यात लस खेड्यापर्यंत टिकायची कशी, आणि देवी टोचणारा गावात आला की आयाबाया पोरांना का लपवायच्या, हे कुठल्या डॉक्टरने शिकवायचे?

प्लेगचेही तेच. १८९७ मध्ये पुण्यात सोजिरांनी घरांच्या झडत्या घेतल्या, लोक चिडले आणि रँडचा खून झाला. हे शाळेत मीही शिकवले आहे. पण पुढच्याच वर्षी आपल्या शेजारच्या हुबळीत हजारो लोकांनी हाफकिन या शास्त्रज्ञाची प्लेगवरची लस टोचून घेतली, हे क्रमिक पुस्तकात नव्हते. एकाच इलाख्यात लोक दोन ठिकाणी इतके वेगळे का वागले? १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी या लसीच्या एका बाटलीतून धनुर्वात होऊन १९ माणसे दगावली आणि ठपका हाफकिनवर आला. तो निर्दोष ठरायला काही वर्षे गेली. उद्या सुई हातात घेणाऱ्या मुलांनी हे एकदा तरी वाचायला नको का? कम्युनिटी मेडिसिन या सार्वजनिक आरोग्याच्या विषयात इतिहासाची चार पाने असतात म्हणतात, ती परीक्षेला येत नाहीत म्हणून कुणी उलटत नाही.

आपल्या भागातील विद्यापीठाने इतिहासाच्या आणि वैद्यकाच्या मुलांना एकत्र बसवून आधुनिक वैद्यकाच्या इतिहासाचा एक पेपर सुरू करावा. जुने कागद इंग्रजीत, कन्नडमध्ये आणि मोडीत. तिन्ही येणारा एक माणूस मिळणे कठीण, तीन माणसे एका टेबलाशी बसवणे शक्य आहे. आणि कृपा करून यात भाषेचा वाद कुणी आणू नये, त्याला बाकी ठिकाणे भरपूर आहेत.

घाई एवढ्यासाठी की देवी टोचणारे जुने कर्मचारी आता ऐंशीच्या पुढे गेलेत. खानापूरकडचे एक गृहस्थ अजून खणखणीत बोलतात. मे महिन्याच्या सुट्टीत नात त्यांच्याकडे जाणार आहे. त्याचे गुण अर्थातच तिला मिळणार नाहीत.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका
शहापूर, बेळगाव