वावर चराईला देता, मग कागद करा ना

संपादक साहेब, नमस्कार.
नागपूरच्या आजूबाजूला, काटोल, हिंगणा, कुही साइडला बऱ्याच लोकांची हलकी जमीन पडीत आहे, पोरं शहरात नोकरीला, मग पावसाळ्यात कोणी ढोरंवाला येते आणि एकरानं नाहीतर जनावरामागे भाव ठरवून तोंडी मक्ता होऊन जाते. कागद कोणीच करत नाही कारण भीती कुळाची, म्हणजे ढोरंवाला उद्या कूळ म्हणून जमिनीवरच हक्क सांगेल ही, 1958 चा विदर्भाचा कूळ कायदा म्हातारे लोक अजून विसरले नाहीत. पण भांडण झालं की हातात काहीच नसतं. माझ्या मते जमिनीचा नाही, फक्त गवताचा, अमुक तारखेपर्यंत चराईचा करार लिहा, वकिलाला एकदा दाखवून. त्यात जनावरं किती हे पाहिजेच, कारण चाळीस सांगून सत्तर सोडतात (हा जुनाच रिवाज आहे!) आणि मग मारवेल, पवन्यासारखं चांगलं गवत संपते, उरतो तरोटा, त्याला ढोर तोंड लावत नाही. वावराचे तीन-चार तुकडे पाडून आळीपाळीनं चारलं तर गवताला परत फुटायला वेळ भेटते. कुसळी मात्र कोवळी असतानाच चारा, कुसळं धरली की जनावराच्या तोंडाला टोचते.
आणि हो, लम्पी, खुरकताची लस झाली का, कानात 12 अंकी नंबरचा टॅग आहे का, हे बघूनच ढोरं आत घ्या. पाणी कोणाच्या विहिरीचं हे पण आधीच बोलून घ्या, नाहीतर मोटरच्या बिलावरून नंतर बोंबाबोंब.

– एक वाचक, हिंगणा रोड, नागपूर