अंगणवाडीच्या मदतनीस मावशींना, कृषी केंद्रवाल्याकडून

मावशी, नमस्कार.

तुम्हाला तोंडावर थँक्यू म्हटलं असतं तर तुम्ही "काहून जी, मी काय केलं" म्हणत पदर खोचून गंज-भांडी घासायला निघून गेल्या असत्या, म्हणून इथं लिहून राहिलो. तुमचा नातू मोबाईलवर वाचून दाखवेलच. गावातले बाकीचे पण वाचतील आणि वाचायलाच पाहिजे, कारण अंगणवाडीचं नाव निघालं की सगळे सेविका मॅडमचं कौतुक करतात (मॅडम चांगल्याच आहेत, वाद नाही) पण सकाळी घरोघरी फिरून लेकरं गोळा करणारी, खिचडी शिजवणारी, शेंबूड पुसणारी बाई कोणाच्या ध्यानात राहत नाही. १९७५ साली ही योजना सुरू झाली, तेव्हापासून मदतनीसबाईचा कोणी हार घालून सत्कार केला असं आपल्या भागात तरी मी ऐकलं नाही.

लोकांना वाटते खेड्यातलं लेकरू म्हणजे निसर्गातच वाढते. कायचं वाढते! माय-बाप वावरात नाहीतर दुकानात, लेकरू घरात टीव्हीपुढे. बाहेर सोडावं तर रस्त्यानं ट्रॅक्टर, मोकाट कुत्रे, पावसाळ्यात साप-विंचू, आणि पऱ्हाटी (कपाशी) वर आली की जिकडेतिकडे फवारणी. आमची पोरगी तर दुकानाच्या काउंटरमागेच मोठी झाली, हातात मोबाईल आणि पाठीमागं औषधांच्या डब्यांची रॅक. तिनं आयुष्यात पहिली अळी पाहिली ती कीटकनाशकाच्या डब्यावरच्या चित्रात, आणि खरी अळी जेव्हा मेथीच्या जुडीत निघाली तेव्हा ती अशी किंचाळली की शेजारचे धावून आले.

मग ती अंगणवाडीत जायला लागली आणि तुम्ही तिला न्यायला यायला लागल्या. आता आमच्या घरापासून अंगणवाडी सिमेंट रोडनं पाच मिनिटं पण नाही, पण नाल्यापलीकडच्या वस्तीतली दोन लेकरं घ्यायची राहतात म्हणून तुमचा रस्ता पुलियावरून, वावराच्या धुऱ्याधुऱ्यानं (बांधाबांधानं), चिंचेखालून. शिकवायचं म्हणून तुम्ही तो रस्ता धरला नाही हे मला माहीत आहे, ड्युटीच तशी आहे. पण पोरगी जे काही शिकली ते त्या रस्त्यावरच शिकली.

पहिला मोठा पाऊस पडून गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट सांगतो. पोरगी दुकानात आली ती पळसाचं पान दोन्ही हातानं धरून, पानात तो मृगाचा लाल मखमली किडा, आणि मला म्हणते, "बाबा, याले आठ पाय हायेत, मावशीनं मोजाले लावले." मी कृषीचं शिकलेलो माणूस, मला माहीत आहे की किड्याला पाय सहा, आठ पायवाला हा कोळ्याच्या भावकीतला, पण चार वर्षांच्या पोरीनं ते स्वतः मोजून मला सांगावं हे काही मी धरून चाललो नव्हतो. किडा पाय दुमडून गोळा होऊन बसला की ती श्वास धरून वाट पाहे, तो पुन्हा चालायला लागला की पुन्हा एकपासून मोजणी. मी म्हटलं चल डबीत ठेवू, तर म्हणते नाही, मावशीनं सांगितलं मोजून झालं की जिथून आणला तिथं सोडून यायचा. आणि जेवायच्या आधी मला घेऊन परत धुऱ्यापर्यंत गेली, नेमक्या त्याच जागेवर, दुसरी जागा चालली नाही.

दुसरी गोष्ट माझ्या धंद्याची. पऱ्हाटीवर मावा आला होता, एक गिऱ्हाईक आलं आणि म्हणे सगळ्यात जहाल औषध दे. पोरगी काउंटरवर बसून मुरमुरे खाऊन राहिली होती, तिथूनच विचारते, "काका, तुमच्या पऱ्हाटीत ढालकिडे हायेत का?" दुकानातले सगळे हसले. पण मी त्यांना विचारलं की खरंच पाहिलं का, तर ते म्हणे ते लाल टिपक्यावाले आहेत काही आणि काळ्या-नारिंगी अळ्या पण लय आहेत, त्या पण मारायच्या आहेत. आता ती जी अळी असते ना, बोटाच्या पेरापेक्षा लहान मगरीसारखी दिसणारी, ती ढालकिड्याचीच पिल्लं, आणि मोठा किडा आणि अळी दोघंही मावा खातात. ती मारून टाकली तर आपणच आपला फुकटचा गडी मारला. त्या दिवशी ते औषध न घेता गेले, म्हणजे माझं गिऱ्हाईक तुमच्यामुळं गेलं मावशी, हे पण आभारात लिहून ठेवतो! पोरीला हे कोणी सांगितलं म्हणून विचारलं तेव्हा कळलं की तुम्ही कृषी विभागाच्या महिला शेतीशाळेत जात होत्या आणि तिथलं सगळं लेकरांना रस्त्यानं पान उलटून दाखवत होत्या. शेतीशाळेला आलेले किती गडी माणसं चहा पिऊन परत जातात ते मी पाहिलं आहे, जाऊ द्या.

पण मला सगळ्यात जास्त आभार मानायचे आहेत ते तुम्ही लेकरांना भीती पण नीट शिकवली त्याचे. आजकाल निसर्ग म्हटलं की सगळं गोडगोड, फुलं पाखरं, फोटो स्टेटसला. आणि नाहीतर दुसरं टोक, बाहेर जाऊच नको, हात लावू नको. तुम्ही दोन्ही केलं नाही. धुऱ्यावर चंद्रज्योत आहे, तिच्या बिया लेकरांना शेंगदाण्यासारख्या लागतात, खाऊन उलट्या होऊन दवाखान्यात भरती झाल्याच्या बातम्या आपण पेपरात वाचतोच. तुम्ही ते झाड तोडून नाही टाकलं, लेकरांना त्याच्यासमोर उभं करून ओळखायला लावलं. तशीच गुंज, तसाच धोतरा, तसाच एरंड. "पाहाचं, नाव घ्याचं, तोंडात नाही टाकाचं." पोरगी आता आम्हाला रस्त्यानं परीक्षा घेते, हिचं नाव सांगा, त्याचं नाव सांगा, आणि चुकलो तर मावशीचाच आवाज काढून रागावते.

कुटाराच्या ढिगात हात नाही, दगडाखाली हात नाही, उंच गवतातून जायचं तर तुमची काठी पुढे आणि पाय आपटत. साप दिसला तर दगड मारायचा नाही, पळायचं नाही, मागं मागं सरकायचं आणि मोठ्या माणसाला आवाज द्यायचा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, हे चार विषारी. चार वर्षांच्या लेकराला ते सांगून काय उपयोग असं मला वाटलं होतं, पण पोरगी सापाला घाबरते ते बरोब्बर पाहिजे तेवढीच घाबरते, आणि गांडूळ दिसलं तर उचलून कुंडीत सोडते.

आणि ते त्रिकोणाचं. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हापासून दुकानात औषध देताना माझा हात जड होतो. तुम्ही एक दिवस दुकानात येऊन सरळ विचारलं की डब्यावरच्या त्या रंगीत त्रिकोणाचा अर्थ काय. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा, मी सांगितलं. तुम्ही लेकरांसाठी ते एकाच ओळीत बसवलं, कोणत्याही रंगाचा त्रिकोण दिसला की डबा उचलायचा नाही, रिकामा असला तरी नाही, खेळायला तर नाहीच नाही. धुऱ्यावर फेकलेले डबे आता लेकरंच लांबून दाखवतात आणि मालकाचं नाव घेऊन ओरडतात. काही मालकांना राग येतो. येऊ द्या.

बाकी किती सांगू. बाभळीवर बयाची घरटी, होळीला पळसाची फुलं उकळून केलेला रंग, तरोट्याची भाजी. तरोटा पण फवारलेल्या धुऱ्याचा नाही, नालीच्या काठचा नाही, तुम्ही दाखवलेल्या जागेचाच, नाहीतर पोरगी ताट सरकवून देते. आमच्या घरच्यांची एकच तक्रार आहे, फ्रॉकच्या खिशातून काय काय निघते. एकदा तर बकरीच्या लेंड्या निघाल्या. विचारलं तर म्हणे बकरी बाभळीच्या शेंगा खाते, बी लेंडीतून बाहेर पडते आणि ते बी लवकर उगवते, मावशी म्हणते. लेंड्या कुंडीत पुरल्या. आता अंगणात बाभळीची रोपं आहेत आणि काढू देत नाही, काटे टोचले की कळेल.

वर्ध्याला १९३७ साली गांधीजींनी नई तालीम मांडली, हातानं काम करत, आजूबाजूच्या जगातून शिकणं, त्याच्यावर लोक भाषणं देतात. तुमच्या कानावर ते नाव तरी आलं आहे की नाही मला माहीत नाही, पण आलं असतं तरी तुम्ही "असं व्हय का" म्हणून खिचडीत मीठ टाकायला गेल्या असत्या.

मला हे पण माहीत आहे की कपडे मळवते, उन्हात फिरवते, ए बी सी डी शिकवत नाही म्हणून तुमच्या नावानं बोलणारे आहेत. तुम्ही म्हटलं होतं, "माती त पाण्यानं निंघते." तेवढंच बोलून तुम्ही विषय संपवला, मी असतो तर भांडलो असतो.

तर मावशी, दोन कामाच्या गोष्टी. अंगणवाडीच्या परसबागेसाठी चवळी, दोडके, वाल आणि पालकाचं बी काढून ठेवलं आहे, नातवाला दुकानात पाठवून द्या, पैसे पाठवले तर परत पाठवीन. आणि जूनपासून धाकटा येणार आहे तुमच्याकडं. तो पोरीसारखा नाही, हात सोडून पळते आणि दिसलं ते तोंडात टाकते, तेव्हा त्याला चंद्रज्योतीसमोर जरा जास्त वेळ उभं करा. त्याचा हात पोरगी धरीन म्हणते, पण तिच्यावर काही ठेवू नका, ती मध्येच वाकून पायच मोजत बसते.

तुमचा,
कृषी केंद्रवाला (दोन लेकरांचा बाबा)