शाहचा जनाना आणि ओली काच

तेहरान

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गोलेस्तान राजवाड्यातल्या जुन्या फोटोंबद्दल तू विचारलंस. अंदरूनात, म्हणजे आपल्या भाषेत जनान्यात, परपुरुषाला मज्जाव, मग कॅमेरा आत गेला कसा? कॅमेऱ्यामागे नवराच होता, म्हणून! इराणचा बादशहा नासिरुद्दीन शाह (राज्यकाळ १८४८ ते १८९६) बेगमांचे फोटो स्वतः काढायचा आणि त्यांवर स्वतःच्या अक्षरात टिपणंही लिहायचा. अनीस-उद्-दौला ही त्याची लाडकी बेगम.

१८५८च्या सुमारास कार्लियाँ नावाचा फ्रेंच फोटोग्राफर कलोडियन या चिकट द्रवाची ओली रीत घेऊन इथे आला. त्याआधीच्या दागेरोटाइपमध्ये, म्हणजे धातूच्या ताटलीवर थेट फोटो उमटवण्याच्या रीतीत, ताटली एकच, प्रत निघत नसे. आता काचेची निगेटिव्ह मिळू लागली, पण धांदल वाढली. स्वच्छ काचेवर कलोडियन ओतायचं, काच तिरपी करत चारही कोपऱ्यांपर्यंत न्यायचं, उरलेलं एका कोपऱ्यातून परत बाटलीत. थर आळला की अंधारात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात तीन-चार मिनिटं बुडवायची. मग फोटो, आणि थर ओला असतानाच हिराकशीच्या द्रावणाने डेव्हलप करायचा. एकूण दहा-बारा मिनिटं हातात. त्यामुळे अंधारी जागा हाताशीच लागते.

इथला उन्हाळा तर या रीतीचा वैरीच. कलोडियनमधला ईथर ३५ अंशांच्या आसपास उकळतो आणि तेहरानचा पारा त्याच्या वर जातो. थर कडेने आधी सुकला की डेव्हलपर तिथे सारखा पसरत नाही, डाग पडतात. धूळ बसली की टाचणीच्या टोकाएवढी भोकं.

आता तुझी दुसरी शंका, फोटोतल्या बेगमांच्या भुवया आणि मिशा इतक्या काळ्या कशा, ही. जोडलेली भुवई आणि ओठावरची बारीक लव तेव्हा सौंदर्याची खूण होती. बायका ती रंगवून ठळक करत. पण काळेपणाचा अंदाज फोटोवरून करू नकोस. कलोडियनला फक्त निळा-जांभळा उजेड कळतो. लाल मखमल काळी येते, निळं रेशीम पांढुरकं आणि मेंदीचे हात काजळी लावल्यासारखे. कपड्यांचे रंग ओळखताना भलेभले इथेच फसतात.

आणि त्या तक्क्याला टेकूनच का बसलेल्या? ऐसपैस बसण्याची रीत होतीच, पण फोटो घेताना काही सेकंद हालचाल चालत नाही, आणि टेकलेलं अंग कमी हलतं. एखाद्या फोटोत चेहरा स्पष्ट आणि हात धुरकट दिसला, तर हात हलला समज.

प्रती अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावर, उन्हात, निगेटिव्हखाली घट्ट दाबून धरून काढत. त्या पिवळ्या पडतात, त्यात दोष बहुधा त्या पांढऱ्याचाच, किंवा हायपो, म्हणजे फोटो पक्का करणारं रसायन, नीट न धुतल्याचा. पुण्यातल्या तुझ्या जुन्या प्रतींनाही तेच झालंय का, कडा बघून कळव.

तुझा,
धाकटा