टॉवेल नको, पायडल डावीकडे घ्या

महोदय,

दर 3 डिसेंबरला आमच्या कारखान्यात दिव्यांग दिन साजरा होतो. गेल्या वेळी मालकांनी माझ्या गळ्यात टर्किश टॉवेल घातला, हातात नारळ दिला, फोटो काढला. टॉवेल आमच्याच कारखान्यातला. त्याच्या कडेचे धागे बहुधा मीच तोडले असतील.

लहानपणी पोलिओने माझा उजवा पाय गेला, कॅलिपर लावून चालतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत अकरा वर्षे धागे तोडायला बसतोय. खरं तर मी शिलाईवाला. रात्री घरी शाळेचे गणवेश शिवतो. घरच्या मशीनचे पायडल उजव्या पायाचे होते. ओळखीच्या मेकॅनिकने बोल्ट सोडून ते डावीकडे सरकवले, वरची दांडी थोडी तिरकी केली. त्याच्यासाठी केलेला चहा निवायच्या आत काम झाले. कारखान्यात हेच करा म्हटले तर सुपरवायझर म्हणतात, "बसून काम दिलंय की बे, अजून काय पाहिजे?" शिलाईला डझनावर पैसे मिळतात, धागे तोडणाऱ्याला ठरलेला रोज. माझ्यामागून लागलेली पोरे शिलाईला बसली आणि मजुरीत कधीच पुढे गेली.

पॅकिंगला एक मूकबधिर पोरगा आहे. हाक मारली तरी वळत नाही म्हणून तो बोलणी खातो. आता काय म्हणावे!

दिव्यांगांच्या नोकरीचा विषय निघाला की सरकारी नोकऱ्यांतल्या 4 टक्के आरक्षणावरच सगळे बोलतात. आमच्यासारखे मागावर, टॉवेलात, शिलाईत पोट भरणारे त्यात कुठे बसतात? पण 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आमच्यासाठीही काही आहे. 20 किंवा जास्त माणसे कामाला असलेल्या खासगी आस्थापनेनेही समान संधी धोरण करायचे असते. दिव्यांगांना कोणती कामे देता येतील, कोणत्या सोयी करणार, हे त्यात लिहायचे आणि ते वेबसाइटवर, नाहीतर दर्शनी भागात लावायचे.

आमच्या गेटजवळच्या फलकावर पाळ्यांच्या वेळा आहेत, सुट्ट्यांची यादी आहे, गणपतीच्या वर्गणीचा हिशेबही आहे. हा कागद नाही.

येत्या 3 डिसेंबरला मालकांनी टॉवेल कपाटातच ठेवावा आणि मेकॅनिकला बोलवावे. पाना मी घरून आणतो.

— एक कामगार, सोलापूर
(अजून तिथेच कामाला आहे, कृपया नाव छापू नये.)