जुन्या गाड्यांचाही विचार व्हावा

महोदय,

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचे २०३० चे उद्दिष्ट पाच वर्षे आधीच गाठले गेले. उसाला आणखी एक गिऱ्हाईक मिळाले, याचा आम्हा सांगलीकरांना आनंदच आहे. पण माझ्या गॅरेजात येणाऱ्या जुन्या गाड्यांचे काय? एक किलो पेट्रोल जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलोच. इंजेक्शनच्या, म्हणजे संगणकाने इंधन सोडणाऱ्या नव्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर फरक ओळखतो आणि इंधन वाढवले जाते. जुन्या गाडीत हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरला ते कळत नाही. मिश्रण लीन होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते, आणि सकाळी गाडी धक्के खाते. मग मोठा जेट, म्हणजे मोठ्या छिद्राची पेट्रोलची नळी घालायची, ठिणगीचे टायमिंग बघायचे. एवढे आम्ही करतो. पण परवा एका गाडीचा पेट्रोलचा पाइप काढला, तर इथेनॉलने रबर फुगून त्याला चिरा गेलेल्या. गरम इंजिनवर पेट्रोल ठिबकले असते तर? घरची माणसे बसतात हो त्या गाडीत!

इथेनॉलला टिकणारे पाइप आणि सील कंपन्यांनी जुन्या मॉडेलांसाठीही रास्त दरात द्यावेत. तोवर पंपांवर कमी इथेनॉलचे पेट्रोलही त्याच दरात मिळावे.

– एक गॅरेजचालक, सांगली