वाखाऊ बसमधून पाहू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑस्ट्रियाच्या सहलीवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. त्यात वाखाऊ खोऱ्याच्या वाट्याला दोनच ओळी आल्या. मेल्कचा मठ पाहिला आणि बस डॅन्यूब नदीच्या काठाने क्रेम्सला निघाली, एवढंच. राहवलं नाही म्हणून लिहिते आहे. मेल्क ते क्रेम्स हे अंतर जेमतेम ३६ किलोमीटर. गेल्या जुलैत आम्ही नवरा-बायको तिथून गाइडसोबत सायकलने गेलो. आमचा अख्खा दिवस गेला, आणि पंधरा दिवसांच्या दौऱ्यातला त्याच दिवसाचा विषय आजही घरात रोज निघतो.

आम्ही दोघंही साठी ओलांडलेले. त्यातून आदल्या वर्षी दुसऱ्या एका शहरात यांना वाईट अनुभव आला होता. तिकडच्या बऱ्याच सायकलींना मागचा ब्रेक हातात नसतो. पायंडल उलटं फिरवलं की चाक जागीच धरतं. हे कोणी सांगितलं नाही, यांनी सवयीने पायंडल मागे घेतलं आणि गुडघा फोडून घेतला. मेल्कला आमच्या गाइड मुलीने मात्र आधी मोकळ्या जागेत सगळ्यांना गोल गोल फिरवलं. प्रत्येकाला तीनदा थांबायला लावलं, सीटची उंची स्वतः बसवली, मगच निघालो. माझ्या मते गाइडची पारख इथेच होते. इतिहास काय, पुस्तकातही मिळतो.

पुढे ती मुद्दाम सर्वांत सावकाश चालवणाऱ्याच्या वेगाने गेली. विलेनडॉर्फला थांबून तिने १९०८ साली इथे सापडलेल्या, जेमतेम ११ सेंटिमीटर उंचीच्या, हजारो वर्षांपूर्वीच्या दगडी स्त्रीमूर्तीबद्दल सांगितलं. मूळ मूर्ती व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. ड्युर्नश्टाइनच्या पडक्या किल्ल्यात इंग्लंडचा राजा रिचर्ड ११९२-९३च्या हिवाळ्यात कैदेत होता, ती गोष्टही झाली.

पण मला सांगायचं आहे ते श्पिट्स गावच्या तरीबद्दल, म्हणजे नदी पार करून नेणाऱ्या सपाट होडीबद्दल. तिथे सायकली घेऊन पलीकडच्या आर्न्सडॉर्फला जायचं असतं. नदीवर उंच एक तार ताणलेली आहे आणि ही होडी त्या तारेला दोराने बांधलेली. इंजिन नाही. नावाडी ती प्रवाहाला जरा तिरकी करतो आणि पाणीच तिला पलीकडे ढकलत नेतं. कसला आवाज नाही, फक्त कडेला पाण्याचं चुबुकचुबुक. मी कठड्याला हात लावून उभी होते, तर नदीचा जोर लाकडातून हाताला जाणवत होता.

गाइडने तिथेच सांगितलं की १९७०च्या दशकात याच खोऱ्यात वीजनिर्मितीसाठी धरण बांधायचा घाट घातला गेला होता. स्थानिक लोकांनी वर्षानुवर्षं विरोध करून तो हाणून पाडला. ऑस्ट्रियातली डॅन्यूब आज मोकळी वाहते ती दोनच टप्प्यांत, त्यातला एक हा. धरण झालं असतं तर पाणी तुंबून संथ झालं असतं आणि आम्हाला नेणारा प्रवाहच उरला नसता. २००० साली युनेस्कोने हे खोरं जागतिक वारसा म्हणून नोंदवलं. ते वाचलं कुणामुळे, हे मला त्या तरीवर उभं राहून कळलं.

पलीकडचा काठ अधिक शांत, वाट जर्दाळूच्या बागांमधून जाणारी. चुना-सिमेंट न वापरता नुसते दगड रचून बांधलेल्या द्राक्षमळ्यांच्या पायऱ्या समोरच्या डोंगरावर एकावर एक चढत गेलेल्या दिसतात. झांक्ट लोरेन्झहून तशाच दुसऱ्या तरीने आम्ही अलीकडे आलो. एका गावात भिंतीवर पुराच्या खुणा कोरलेल्या होत्या, शेजारी सालं. २००२ची रेघ माझ्या डोक्याच्याही वर होती. शेजारून नदी इतकी शहाण्यासारखी वाहत होती की विश्वास बसेना.

अशा सहलींची माहिती आपण जरूर छापावी, आणि पैसे भरण्याआधी काय विचारायचं तेही छापावं. गटात किती जण? ब्रेक कसला? कोणी दमलं तर मधूनच रेल्वेने किंवा बसने परतायची सोय आहे का? हेल्मेट मिळेल का? (बारा वर्षांखालच्या मुलांना तिथे ते सक्तीचंच आहे.) वाट जवळजवळ सपाट आहे, पण समोरून वारा आला की दम काढतो. तिथे वारा बहुधा पश्चिमेचा असतो, तेव्हा पश्चिमेकडून, म्हणजे मेल्कहून निघावं. व्हिएन्नाहून सकाळची रेल्वे तासाभरात तिथे पोचवते आणि संध्याकाळी क्रेम्सहून परतायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो.

आपली नम्र,
एक वाचक