फ्रेडीच्या तारखा आणि आपला शेवटचा प्रोग्राम

काय मर्दा,

परवा फोनवर तू म्हणालास फ्रेडी मर्क्युरी, क्वीन बँडचा गायक, म्हणजे एकच तारीख, १३ जुलै १९८५, लाइव्ह एडचा मदतनिधी कॉन्सर्ट, बाकी सगळं खोबरं पेरल्यासारखं. तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं म्हणून गप्प बसलो, आता ऐक.

लाइव्ह एड भारीच, वाद नाही. लंडनचं वेम्बली स्टेडियम, बहात्तर हजार पब्लिक आणि क्वीनला मिळालेली जेमतेम वीस-एकवीस मिनिटं, तेवढ्यात गड्यानं सगळं मैदान हातात घेतलं, नाद खुळाच. पण माझी तारीख ९ ऑगस्ट १९८६, इंग्लंडातलं नेबवर्थ. क्वीनच्या त्या वर्षीच्या टूरचा सव्विसावा, शेवटचा शो. लाखाच्या वर माणूस, आणि शेवटी हा डोक्यावर मुकुट नि अंगावर झूल घेऊन आला, सगळ्यांना हात करून गेला. क्वीनबरोबर परत कॉन्सर्ट केलाच नाही. समोरच्या लाखातल्या एकालाही ठाऊक नव्हतं रे, की आपण शेवटचं बघतोय!

तसा दोन वर्षांनी ८ ऑक्टोबर १९८८ ला बार्सिलोनात ऑपेरा गाणाऱ्या माँसेरात काबाये बाईंबरोबर उभा राहिला, पण ते रेकॉर्डवर ओठ हलवणं, मी धरत नाही. २४ नोव्हेंबर १९९१ ला गेला, पंचेचाळिसाव्या वर्षी.

आणि सुरुवात कुठं, तर आपल्या पाचगणीत! सेंट पीटर्सच्या बोर्डिंगमध्ये फरोख बलसारा, म्हणजे हाच फ्रेडी, नावाचं पोरगं १९५८ च्या आसपास हेक्टिक्स नावाच्या बँडमध्ये पियानो बडवत होतं, बारा वर्षांचं. आपण एसटीनं पसरणी घाट चढून गेलतो तेव्हा तू टेबललँडवर घोड्यावर बसायच्या नादात होतास, शाळा बघायची राहूनच गेली, ते मी अजून विसरलो नाही.

आता खरी गोष्ट. ९ ऑगस्ट हा नाट्यसंगीतातले संगीतसूर्य केशवराव भोसल्यांचा जन्मदिवस पण आहे, १८९० चा. ते तर एकतिसाव्या वर्षीच गेले, ८ जुलै १९२१ ला बालगंधर्वांबरोबर संयुक्त मानापमान नाटक केलं आणि तीन महिन्यांत संपले. आणि त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ८ ऑगस्ट २०२४ ला, त्यांच्याच नावाचं आपलं कोल्हापूरचं नाट्यगृह पेटलं. मी खासबागेच्या बाजूला गर्दीत उभा होतो, आख्खं छप्पर लाल झालेलं, शेजारी एक म्हातारे गृहस्थ काही न बोलता नुसते बघत होते, आणि मला काय आठवावं, तर कॉलेजच्या गॅदरिंगला त्याच स्टेजवर तुझी तार तुटलेली, साऊंडवाल्यानं मधेच लाईन ओढलेली आणि आपण चिडून अर्धं गाणं टाकून खाली उतरलो होतो. म्हटलं होतं पुढच्या वर्षी दाखवतो साल्यांना. पुढच्या वर्षी तू पुण्याला गेलास, ड्रमर बँकेत लागला, झालं.

मुकुट नाही, हात करणं नाही, साधं थँक्यू पण म्हटलं नाही रे आपण पब्लिकला. होती चाळीस-पन्नास पोरंच, पण तरी.

असो. तुझा ॲम्प माझ्या माळ्यावर आहे, उंदरांनी वायर खाल्लीय पण चालू होईल बहुतेक. गणपतीला येशील तेव्हा तारांचा नवा सेट घेऊन ये, इथं चांगला मिळत नाही. आईनं विचारलंय, तांबडा की पांढरा.

तुझाच,
बंड्या